वीजदर मंत्री ठरवतात की आयोग?

मागवाला: टॉवेलचे माग आहेत आपले, बिल बघितलं की डोकं फिरतंय. पुढारी सभेत म्हणतात दर कमी करू, भेटायला गेलं की म्हणतात ते आयोगाच्या हातात. खरं कुणाचं ओ?

काळाकोट: दोघांचं थोडं थोडं. २००३ च्या वीज कायद्यानं दर ठरवायचं काम राज्य वीज नियामक आयोगाकडं, मंत्र्याला परस्पर बदलता येत नाही. सवलत द्यायचीय तर कलम ६५ प्रमाणं सरकारनं पैसे आगाऊ भरायचे, नुसती घोषणा करून भागत नाही.

चहाकट: कसलं स्वतंत्र बे, सदस्य नेमतंय कोण? सरकारच की!

काळाकोट: नेमतं सरकार, पण निवड समितीच्या शिफारशीनं, आणि समितीचा अध्यक्ष हायकोर्टाचा माजी न्यायाधीश असतो. मनात आलं म्हणून काढताही येत नाही, चौकशी लागते. मात्र कलम १०८ खाली जनहिताच्या धोरणावर सरकार निर्देश देऊ शकतं, ती फट मला मोठीच वाटते.

मागवाला: म्हणजे बिलातली सबसिडीची ओळ सरकारची आन् युनिटचा दर आयोगाचा? मग आमचं ऐकणार कोण?

काळाकोट: दरवाढीचा अर्ज आला की पेपरात जाहीर सूचना येते, तेव्हा लेखी हरकत टाका, बिलं जोडून. आपले लोक ती सूचना वाचतच नाहीत, भजी बांधतात त्यात.