मदत हवी आहे: हँडहेल्ड स्कॅनर देतो ती ‘प्रिंट क्वालिटी’ ग्रेड कितपत धरायची?

नमस्कार मंडळी,

मी तारापूर एमआयडीसीत एका औषध पॅकिंग युनिटमध्ये क्यूए बघते. माल युरोपला जातो. कार्टन बंद झालं की लाइनवरच टीआयजे (थर्मल इंकजेट) प्रिंटर त्यावर जीएस१ डेटा मॅट्रिक्स, म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा कोड, छापतो. त्यात जीटीआयएन (उत्पादनाचा नंबर), एक्सपायरी, बॅच नंबर आणि सिरियल नंबर. सिरियल प्रत्येक कार्टनचा वेगळा, त्यामुळे कोडही प्रत्येकाचा वेगळा. कोड २४ × २४ चा आहे आणि एक चौकोन ०.४ मिमीचा, म्हणजे पूर्ण कोड साधारण ९.६ मिमी.

लाइनच्या शेवटी ऑपरेटर हँडहेल्ड स्कॅनरने सॅम्पल मारून बघतो. बीप झाला की माल पुढे. आमच्याकडे ‘नो रीड’ जवळपास येतच नाही. तरीही मागच्या लॉटवर ग्राहकाची तक्रार आली. त्यांच्या व्हेरिफायरवर (छपाईचा दर्जा मोजणारं यंत्र) काही कार्टनची एकूण ग्रेड १.० निघाली, आणि करारात किमान १.५ लिहिलेली आहे (१.० म्हणजे ‘डी’, १.५ म्हणजे ‘सी’). रिपोर्टमध्ये ॲक्सियल नॉनयुनिफॉर्मिटी (कोडची लांबी-उंची सारखी आहे का) आणि मॉड्युलेशन (सगळे काळे चौकोन सारखेच काळे, पांढरे सारखेच पांढरे आहेत का) या दोन ओळींपुढे ‘डी’ होता, बाकी सगळं ए किंवा बी.

व्हेरिफायरचं कोटेशन मागवलं. किंमत बघून वरून निरोप आला की आपल्या स्कॅनरमध्येच प्रिंट क्वालिटी मोड आहे, तो चालू करा. मॅन्युअलमधला सेटिंगचा बारकोड मारून मोड चालू केला. आता कोड वाचला की डेटाच्या खाली प्रत्येक पॅरामीटरची ग्रेड येते. दिसायला व्हेरिफायरसारखंच. अडचण अशी की तोच कार्टन आणि तोच कोड असला तरी मनगट जरा कललं की मॉड्युलेशनची ग्रेड ‘ए’ची ‘सी’ होते. खिडकीजवळ एक ग्रेड, टेबलाच्या एलईडीखाली दुसरी. शिफ्ट बदलली, दुसऱ्या माणसाने स्कॅनर धरला की तिसरी. अशी ग्रेड बॅच रेकॉर्डमध्ये ‘आयएसओ ग्रेड’ म्हणून लिहायला माझा हात धजत नाही.

नियम मी वाचलाय. युरोपियन युनियनचं २०१६/१६१ हे रेग्युलेशन ९ फेब्रुवारी २०१९ पासून लागू आहे. त्याच्या कलम ६ मध्ये छपाईचे कोणते पॅरामीटर तपासायचे ते दिलेत, आणि आयएसओ/आयईसी १५४१५ प्रमाणे १.५ किंवा जास्त ग्रेड असेल तर छपाई पुरेशी मानली जाते. तो कोड तिकडे औषध देताना फार्मसीत स्कॅन होतो. वाचला गेला नाही तर फार्मासिस्टला खाली छापलेले आकडे हाताने टाइप करावे लागतात, आणि पेशंट काउंटरसमोर ताटकळतो. तेव्हा मला हा विषय फक्त कागद पूर्ण करण्यापुरता नको आहे.

स्कॅनरच्या या ग्रेडचा खरा उपयोग काय, तो कसा करून घ्यायचा, आणि आमच्या त्या दोन ‘डी’चं मूळ लाइनवर कुठे शोधायचं, हे जाणकारांनी सांगावं. प्रिंटरची मला जुजबीच माहिती आहे, तेव्हा सविस्तर लिहिलंत तर फार मदत होईल.

प्रतिसाद १

ताई, तुमचा हात धजत नाही ते बरोबरच आहे. ‘आयएसओ ग्रेड’ म्हणून लिहू नका.

स्कॅनर आणि व्हेरिफायर यांची कामं उलटी आहेत. कसाही छापलेला कोड वाचून दाखवायचा यासाठी स्कॅनर बनवलेला असतो. प्रकाश कमी पडला तर तो एक्सपोजर वाढवतो, चित्र तिरकं आलं तर सरळ करून घेतो, पुसट असेल तर ठळक करून बघतो. व्हेरिफायरला यातलं काहीच करायची मुभा नाही. त्याचा कॅमेरा कोडच्या बरोबर वर, प्रकाश ६६० नॅनोमीटरचा लाल आणि चारही बाजूंनी ४५ अंशात, अंतर ठरलेलं. वर कॅलिब्रेशन कार्डावर त्याला आधी पांढरं-काळं दाखवून द्यावं लागतं. व्हेरिफायर स्वतः कसा असावा याचंही वेगळं स्टँडर्ड आहे, आयएसओ/आयईसी १५४२६-२. म्हणून त्याची ग्रेड नुसती ‘१.५’ अशी न लिहिता १.५/०८/६६० अशी लिहितात. मधला आकडा ॲपर्चरचा (मोजणीच्या ठिपक्याच्या आकाराचा), शेवटचा प्रकाशाचा. तुमच्या स्कॅनरच्या ग्रेडपुढे हे दोन आकडे लिहिताच येणार नाहीत.

‘नो रीड येत नाही’ यावर मात्र विसंबू नका. हिशोबच बघा. २४ × २४ च्या डेटा मॅट्रिक्समध्ये ३६ कोडवर्ड (माहितीचे छोटे तुकडे) डेटाचे आणि २४ दुरुस्तीचे. २४ दुरुस्तीचे म्हणजे १२ कोडवर्ड खराब झाले तरी डेटा जसाच्या तसा परत मिळतो. आता ग्रेड:

३ खराब: उरलेली दुरुस्ती ०.७५, ग्रेड ए
५ खराब: ०.५८, ग्रेड बी
७ खराब: ०.४२, ग्रेड सी
८ खराब: ०.३३, ग्रेड डी
१० खराब: ०.१७, ग्रेड एफ

या पाचही कोडवर तुमचा स्कॅनर सारखाच बीप देईल. दहा कोडवर्ड गेलेला कोड तुमच्या टेबलावर पास. त्यावर वाटेत दोन-तीन ओरखडे पडले की तिकडे तो वाचला जाणार नाही. बीप फक्त ‘आज, इथे वाचला’ एवढंच सांगतो.

याच कारणाने स्कॅनरच्या यादीतली ‘अनयूज्ड एरर करेक्शन’ (हीच उरलेली दुरुस्ती) ही ओळ कामाची आहे. प्रकाशाच्या मोजमापाशी तिचा थेट संबंध नाही, त्यामुळे हँडहेल्डवरही तिच्यावर त्यातल्या त्यात भरवसा ठेवता येतो. कॉन्ट्रास्ट आणि मॉड्युलेशन यांना कॅलिब्रेशनशिवाय अर्थ नाही.

प्रतिसाद २

मी टीआयजे प्रिंटरची सर्व्हिस करतो. वरच्या प्रतिसादाशी सहमत. मी फक्त मशीनबद्दल लिहितो.

ॲक्सियल नॉनयुनिफॉर्मिटी म्हणजे चौकोनी कोड चौकोनी राहिला नाही. यासाठी व्हेरिफायर लागत नाही, व्हर्नियर घ्या. कोडची उंची मोजा आणि लाइन ज्या दिशेने धावते त्या दिशेची लांबी मोजा. दोन्हींतला फरक भागिले सरासरी. ०.०६ पर्यंत ए, ०.०८ पर्यंत बी, ०.१० पर्यंत सी, ०.१२ पर्यंत डी, त्यावर नापास. शाई पसरलेली असली तर आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण ढोबळ अंदाज पक्का मिळतो.

उंची पेनच्या (शाईच्या कार्ट्रिजच्या) नोझलवर ठरते, ती सहसा बिघडत नाही. लांबी ठरते कार्टनच्या वेगावर. प्रिंटरला वाटतं त्यापेक्षा कार्टन जोरात गेलं की कोड ताणला जातो, हळू गेलं की दबतो. म्हणून कोड ताणलाय की दबलाय हे आधी बघा, कारण दोन्हींची कारणं वेगळी. ताणलेला असेल तर बहुतेक एन्कोडरचं (प्रिंटरला पट्ट्याचा वेग कळवणाऱ्या भागाचं) चाक पट्ट्यावर घसरतंय (कागदाचा भुसा आणि शाई चिकटून ते गुळगुळीत होतं, किंवा स्प्रिंग ढिली पडते). दबलेला असेल तर कार्टनच पट्ट्यावर घसरतंय, साइड गाइड घट्ट आहेत का बघा. एक माप लाइन हळू चालवून घ्या, एक नेहमीच्या वेगाने.

आणि मॉड्युलेशनसाठी आठ पटीचं भिंग घेऊन काळे चौकोन बघा. ६०० डीपीआयच्या पेनमध्ये दोन ओळींमधलं अंतर ०.०४२ मिमी, म्हणजे तुमच्या एका चौकोनात नऊ-दहा ओळी बसतात. एखादं नोझल बंद पडलं तर फारसं बिघडत नाही. शेजारची तीन-चार बंद पडली की कोडभर आडवी पांढरी रेघ दिसते, तिथले काळे चौकोन करडे होतात आणि मॉड्युलेशन खाली येतं. जेवणाच्या सुट्टीत पेन उघडं राहिलं तर नोझलवर शाई सुकते आणि लाइन सुरू झाल्यावरची पहिली कार्टन पुसट जातात. तुमचं सॅम्पल कधी घेतात? सगळं चालू झाल्यावर मधलं उचलत असाल तर ही कार्टन तुमच्या नजरेसच पडत नाहीत.

प्रतिसाद ३

चाकणहून. आमच्याकडे गाड्यांच्या पार्टवर डॉट पीनने (टोकदार पिनेने धातूवर ठिपके ठोकून) मारलेले डेटा मॅट्रिक्स असतात. चकचकीत धातूवर १५४१५ चा जसाच्या तसा उपयोग होत नाही, त्यासाठी आयएसओ/आयईसी २९१५८ वेगळं आहे. पण हँडहेल्डचा अनुभव तोच: हातात धरून घेतलेली ग्रेड टिकत नाही.

आम्ही स्कॅनर स्टँडवर बसवला, खाली पार्ट एकाच जागी बसावा म्हणून जिग केलं आणि वरून काळं आवरण घातलं. बाहेरचा प्रकाश बंद, अंतर कायम, कोन कायम. कोन महत्त्वाचा, ताई. स्कॅनर २० अंश कलला तर त्या दिशेची लांबी सहा टक्के कमी दिसते. म्हणजे नुसत्या मनगटामुळे ॲक्सियलची ए ग्रेड बीच्या उंबरठ्यावर येते. कार्टनवर सोपी खात्री अशी: एकदा सरळ ठेवून ग्रेड घ्या, मग कार्टन ९० अंश फिरवून घ्या. ताण कार्टनबरोबर फिरला तर दोष छपाईत, जागचा हलला नाही तर दोष स्टँडमध्ये.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. लगेच लाइनवर जाऊन मापं घेतली.

लाइन हळू असताना उंची ९.६, लांबी ९.७ मिमी. नेहमीच्या वेगाला उंची तीच ९.६, लांबी १०.७. हिशोब केला तर ०.१०८, म्हणजे सरळ ‘डी’. ग्राहकाच्या रिपोर्टशी तंतोतंत जुळलं. कार्टन फिरवून मोजलं तरी ताण कार्टनबरोबरच राहिला.

मेंटेनन्सवाल्या दादांनी एन्कोडरचं चाक बघितलं. ते साफ होतं, स्प्रिंगही ठीक. मग त्यांनी प्रिंटरचं सेटिंग उघडलं तर वेग ‘इंटर्नल’वर निघाला, म्हणजे एन्कोडरची वायर जोडलेली असूनही प्रिंटर ठरावीक आकडा धरून छापत होता. मध्यंतरी लाइनचा वेग वाढवला गेला, प्रिंटरमधला आकडा जुनाच राहिला. आता एक्स्टर्नलवर घेतलंय. दोन्ही वेगांना लांबी ९.६ ते ९.७ मध्ये येतेय.

मॉड्युलेशनचं कोडं अजून सुटलेलं नाही. भिंगातून पांढरी रेघ कुठेच दिसत नाही. पण काही कार्टनवर कोडच्या एका कडेचे काळे चौकोन ठिपक्याठिपक्यांचे दिसतात, शाई गोळा होऊन बसल्यासारखी. बोट फिरवलं तर तेवढ्याच भागात पुसली जाते. सगळ्या कार्टनवर नाही, एखाद्या गठ्ठ्यात सलग येतात.

प्रतिसाद २ (पुन्हा)

सापडलं बहुतेक. हे पेनचं काम नाही, कार्टनचं आहे.

कार्टन छापताना कोडच्या जागेवर वार्निश मारत नाहीत, तेवढी खिडकी कोरी सोडतात, म्हणजे पाण्याची शाई बोर्डात मुरते. वार्निशचा रोलर जरा सरकला की खिडकीही सरकते आणि कोडची एक कड वार्निशवर जाते. तिथे शाई मुरत नाही, थेंब होऊन बसते आणि पुसली जाते. सलग गठ्ठ्यात येतंय म्हणजे प्रिंटिंग प्रेसवरच त्या भागात रजिस्ट्रेशन (छपाईची जुळणी) हललं असणार. कोरं कार्टन उजेडात तिरकं धरा, चमक कुठे थांबते ते स्पष्ट दिसतं. खिडकीची कड कोडपासून किती दूर आहे ते मोजून इनकमिंग तपासणीत घाला. खिडकी कोडपेक्षा सगळीकडून निदान दोन-तीन मिमी मोठी ठेवायला प्रेसवाल्याला सांगा.

प्रतिसाद १ (पुन्हा)

छान शोध लावलात. आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, बॅच रेकॉर्डमध्ये काय लिहायचं.

स्कॅनर स्टँडवर बसवा. एका चांगल्या, एका मध्यम आणि एका वाईट कार्टनची ग्रेड कॅलिब्रेटेड व्हेरिफायर असलेल्या लॅबमधून काढून आणा आणि ती तीन कार्टन नमुना म्हणून पाकिटात जपून ठेवा. रोज शिफ्टच्या सुरुवातीला तीच तीन आपल्या स्कॅनरवर घ्या. स्कॅनर त्यांना वेगवेगळं ओळखत असेल तर त्या दिवशी तो वापरा, नसेल तर बाजूला ठेवा. रेकॉर्डमध्ये ‘इन-प्रोसेस तुलनात्मक तपासणी’ असं लिहा आणि स्वतःची मर्यादा कडक ठेवा: ग्राहकाला सी चालत असेल तर तुमच्या स्टँडवर बी आल्याशिवाय माल सोडू नका. प्रत्येक बॅचची काही कार्टन लॅबला पाठवा, ग्राहकाला दाखवायचा आकडा तिथलाच. सॅम्पल घेताना लाइन थांबून सुरू झाल्यावरची पहिली कार्टन आणि पेन बदलल्यानंतरची पहिली कार्टन नक्की घ्या.

कलम ६ मध्ये आणखी एक अट आहे. एक्सपायरीनंतर किमान एक वर्ष किंवा माल बाजारात सोडल्यापासून पाच वर्षं, यातलं जे जास्त असेल तोपर्यंत कोड वाचता आला पाहिजे. तेव्हा रिटेन्शन सॅम्पलमधली (प्रत्येक बॅचची राखून ठेवलेली) जुनी कार्टनही अधूनमधून त्याच लॅबला पाठवत जा. वार्निशवर गेलेल्या कडा आधी तिथे उडालेल्या दिसतील.

धागाकर्ती

कोरी कार्टन तिरकी धरून बघितली. दोन गठ्ठ्यांत वार्निशची कड सरळ कोडच्या जागेवर आलेली आहे. ते गठ्ठे बाजूला काढलेत आणि प्रेसला फोटो पाठवलेत. स्टँडचं ड्रॉइंग टूलरूमला दिलंय. नमुन्याची तीन कार्टन लॅबला जातायत. त्यांचा रिपोर्ट आला की आमच्या स्कॅनरच्या ग्रेडशी शेजारी शेजारी मांडून इथेच टाकते.