एचबीए१सी म्हणजे नेमकं काय?

सांगलीकर:
आईचा रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर १०४, पण एचबीए१सी ६.८! आई म्हणते, "आदल्या रात्री नुसती दूध-भाकरी खाल्ली होती, मशीनच बिघडलंय." खरं कुठलं धरायचं?

लॅबवाली:
दोन्ही. उपाशीपोटीची साखर फक्त त्या सकाळची. एचबीए१सी म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. ती तांबडी पेशी मरेपर्यंत सुटत नाही आणि पेशी जगते साधारण १२० दिवस. म्हणून हा मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह. पण सहसा पुन्हा तपासून खात्री करतात. आमच्याकडे लोक चार दिवस गोड सोडून येतात. हा आकडा असा फसत नाही हो!

गोडखाऊ_आजोबा:
कधी कधी फसतो. शरीरात लोह कमी असेल तर उगाच वाढलेला दिसतो, माझंच तसं झालं होतं. आईंचं हिमोग्लोबिन किती?

सांगलीकर:
९.१. अरेच्चा, त्या पानाकडे पाहिलंच नव्हतं!

लॅबवाली:
आजोबा, बरोबर पकडलंत. दोन्ही पानं डॉक्टरांना दाखवा, तोवर गोळ्या मनाने सुरू करू नका.