विंडोज ११ टाकू का नको? अर्जंट सांगा

कोर्टासमोरचा (अंबाजोगाई)
दुकानातल्या कॉम्प्युटरवर सकाळी चालू केलं की स्क्रीनभर मेसेज यायलाय, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून. ११ टाकू का राहू देऊ? शेजारचा पोरगा म्हणतो तासाभरात टाकून देतो, पाचशे रुपये द्या. लग्नसराई चालू आहे, दोन पत्रिका उद्या प्रेसला जायच्यात. 'गूगल करा' असलं कुणी सांगू नका, ते मीबी करू शकतो. हो का नाही तेवढं बोला.

गोदाकाठ (नांदेड)
कॉन्फिगरेशन?

कोर्टासमोरचा
आय फाइव्ह आहे. काळा उभा डबा. आजपर्यंत कधी त्रास दिला नाही.

गोदाकाठ
मालक, आय फाइव्ह २००९ पासून निघायलेत. 'धिस पीसी'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा. आय फाइव्हच्या पुढं डॅश आणि आकडा असतो, तो लिहा. रॅम किती तेबी लिहा. आणि खाली 'सिस्टिम टाइप' अशी ओळ असते, तिच्यात काय आहे?

पेंग्विनवाले काका (छत्रपती संभाजीनगर)
कशाला विंडोजच्या नादी लागता? लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही, जुन्या मशीनवर पळतं. पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघा, पटलं तरच हार्डडिस्कवर घ्या. पत्रिकेसाठी इंकस्केप आणि स्क्रायबस आहे. माझ्या घरी तीन कॉम्प्युटर मिंटवर आहेत, सौभाग्यवतीसुद्धा वापरते.

उदगीरी झटका
काका, सौभाग्यवतींना पर्याय दिला होता का? 😀
कोर्टासमोरचा भाऊ, पोराला पाचशे देऊ नका. रुफस नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं विंडोज टाकायचा पेनड्राइव्ह बनवताना टीपीएम (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (चालू होतानाची सुरक्षा तपासणी) आणि रॅमची अट काढायचा पर्याय येतो. टिक मारा, टाका. मी तिसऱ्या पिढीच्या लॅपटॉपवर ११ चालवायलोय, मस्त.

गोदाकाठ
तुम्ही त्याच्यावर पिक्चर बघता, ह्यांचं पोट आहे त्याच्यावर. अटीत न बसणाऱ्या मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही, हे मायक्रोसॉफ्टनं लिहूनच ठेवलंय. मोठं अपडेट आलं की पुन्हा पेनड्राइव्ह घेऊन बसायचं.

उदगीरी झटका
आजवर दोनदा बसलो. अर्ध्या तासाचं काम आहे, एवढं काय घाबरवायलात?

जालन्याचा जावई
मेन गोष्ट कुणीच बोलेना. अपग्रेड चालू असताना लाइट गेली तर काय? यूपीएसची बॅटरी किती जुनी आहे? आमच्याकडं नव्या इन्व्हर्टरला ट्यूब्युलर बॅटरी घेतली, दर दोन महिन्याला डिस्टिल्ड वॉटर बघावं लागतं, पण बॅकअप एक नंबर.

सेलूची ताई
विषय थोडा वेगळा आहे, पण इथं टायपिंगवाले दिसतात म्हणून विचारते. बहिणीला जीसीसी-टीबीसी मराठीला, म्हणजे सरकारी टायपिंगच्या परीक्षेला बसवायचंय. मिनिटाला ३० शब्दांची आधी करावी का थेट ४० ची?

कोर्टासमोरचा
अहो इथं माझं काय चाललंय आणि तुमचं काय. घ्या: ४५७०, रॅम ४ जीबी, सिस्टिम टाइप ३२-बिट. आता तरी सांगा.

गोदाकाठ
हे घ्या. डॅशनंतरचा पहिला आकडा ४, म्हणजे चौथी पिढी, २०१३ चा माल. अकराला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो आणि टीपीएम २.० लागतं. ते जरी रुफसनं चुकवलं तरी ३२-बिटचं काय? विंडोज ११ ३२-बिटमध्ये निघालंच नाही. म्हणजे वरच्यावर अपग्रेड होणारच नाही, सगळं पुसून ६४-बिट नव्यानं टाकावं लागतं. त्या पोरानं सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला असता तासाभरात. डेस्कटॉपवर किती पत्रिका पडल्यात?

कोर्टासमोरचा
सगळ्याच.

शाई आणि कागद (परभणी)
दादा, मराठी कशात टाइप करता? हे आधी कुणी विचारायला पाहिजे होतं.

कोर्टासमोरचा
पेजमेकर ७. आणि मराठीचं आपलं जुनं सॉफ्टवेअर, डोंगलवालं, म्हणजे ती लायसनची चावी मागं लावल्याशिवाय चालत नाही. डोंगल पाठीमागं रबर लावून बसवलाय, सैल झालाय. ते तर असणारच ना ताई, पत्रिका दुसरं कशात करतात?

शाई आणि कागद
मग हात लावू नका. मी ही ठेच खाल्लीय. नवा ६४-बिट कॉम्प्युटर घेतला, डोंगल लावला, दिवा लागला, पण सॉफ्टवेअर म्हणे डोंगल सापडत नाही. त्याचा ड्रायव्हर ३२-बिटचा, तो ६४-बिट विंडोज घेतच नाही. कंपनीला फोन केला तर म्हणे तुमचं व्हर्जन बंद झालं, नवीन घ्या. आकडा ऐकून फोन ठेवला.
त्या घाईत एक जुनी पत्रिका भाच्याच्या लॅपटॉपवर उघडली. नवरीच्या आजोबांचं नाव होतं तिथं कंस, डॉलर, चांदणी नि इंग्रजी अक्षरं. मजकूर होता, पण फाँट नव्हता ना. हे फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांना मराठीचा मुखवटा. मुखवटा निघाला की खाली तेच.

पेंग्विनवाले काका
म्हणूनच म्हणतो, युनिकोड वापरा, त्यात मराठी कुठल्याबी कॉम्प्युटरवर मराठीच दिसते! किती दिवस त्या डोंगलच्या पाया पडणार?

शाई आणि कागद
काका, पेजमेकरला युनिकोड कळत नाही. २००१ चं व्हर्जन ते. आणि गिऱ्हाईक मागच्या लग्नाची पत्रिका घेऊन येतं, 'अक्षर असंच पाहिजे' म्हणतं. त्याला युनिकोड सांगू का?

गोदाकाठ
ताईंचं पटलं. आता माझं: तुम्ही त्याच मशीनवर बँकेचं, ऑनलाइन फॉर्मचं करता का?

कोर्टासमोरचा
करतो की. फोन पे सोडून सगळं. लोकांच्या आधारच्या झेरॉक्सा बी त्याच्यातच स्कॅन होतात.

गोदाकाठ
मग मेसेज दाबून पुढं जाणं बंद करा. दुसऱ्याचे कागद आहेत ते. तात्पुरतं ईएसयू घ्या, म्हणजे सपोर्ट संपल्यावरबी सुरक्षेचे अपडेट द्यायची मायक्रोसॉफ्टची सोय: सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटला नाव नोंदवायची लिंक दिसते. त्याला विंडोज १० चं २२एच२ हे शेवटचं व्हर्जन आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की फुकट. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतात. तोवर आठव्या-दहाव्या पिढीचा सेकंडहँड बघा, ११ आणि ऑनलाइनचं सगळं त्याच्यावर. जुन्याची नेटची वायर कायमची काढून टाका, तो फक्त पत्रिकेला. पीडीएफ पेनड्राइव्हवरून इकडून तिकडं.

उदगीरी झटका
दोन डबे कशाला, जुन्यात एसएसडी आणि ८ जीबी…

गोदाकाठ
भाऊ, प्रश्न वेगाचा नाही!

कोर्टासमोरचा
पोराला नको म्हणून सांगितलं. तो म्हणतो मग अँटिव्हायरस तरी टाकू का. २२एच२ आहे, बघितलं. दुसरा डबा लातूरला बघतो रविवारी. सगळ्या पत्रिका पेनड्राइव्हवर घ्यायलोय, साडेतीन हजार फायली निघाल्या, त्यातल्या निम्म्यांचं नाव 'नवीन', 'नवीन १', 'नवीन फायनल'. डोंगलचं रबर बदललं.

शाई आणि कागद
फाँटचं फोल्डर बी घ्या. फायली घेतल्या नि फाँट राहिले तर आजोबांचं नाव आठवा.

सेलूची ताई
माझं ३० का ४० ते राहिलंच की.