मदत हवी आहे: शाळेच्या रजिस्टरातलं आडनावाचं स्पेलिंग कोण बदलू शकतं?

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. मुलगी यंदा दहावीत. बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी शाळेने नाव तपासायला बोलावलं, तेव्हा घोळ कळला. तिच्या जन्मदाखल्यावर आडनावाच्या शेवटी इंग्रजीत 'के' आहे, शाळेच्या जनरल रजिस्टरात मात्र 'क्यू-यू-ई'. आमच्या बाबांचा दाखला पोर्तुगीज काळातला. प्रवेशाच्या वेळी मीच त्यावरून फॉर्म भरला असणार. चूक माझीच, कबूल.

शिपाईमामांनी कापडी पुठ्ठ्याचं ते जाडजूड रजिस्टर काढून दाखवलं. त्याच पानावर दुसऱ्या कुणाची जन्मतारीख लाल शाईने दुरुस्त केलेली, बाजूला मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. म्हणजे दुरुस्ती होते तर! पण सगळं तोंडपाठ असलेले हेडक्लार्क निवृत्त झाले, नवीन मुलगा कंत्राटावर आहे. मुख्याध्यापक सर म्हणतात, "भागशिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी आणा." तिथे सांगतात, "शाळेचं पत्र आणा." दोनदा रजा टाकून झाली. सर माणूस भला आहे, पण नवे असल्यामुळे सही करायला बिचकतात.

कुणी या फेऱ्यातून गेलं असेल तर सांगा: अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे करायचा की थेट भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या? जन्मदाखला आणि प्रतिज्ञापत्र पुरतं का? की गोव्याच्या 1990 च्या नाव-आडनाव बदल कायद्याखाली जावं लागेल? मला नाव बदलायचं नाही हो, फक्त स्पेलिंग जुळवायचंय. शाळेच्या ऑफिसात काम केलेलं कुणी इथे असेल तर फारच बरं.