गणिताच्या तासाला उपक्रम: शिकवणं की फोटोपुरता खेळ?

माडाखालचा_मास्तर (फोंडा)
आठवी ते दहावीला गणित शिकवतो. माझं मत असं: उपक्रम जरूर घ्यावेत, पण त्यानंतर पोरांनी वहीत स्वतःच्या शब्दांत नोंद केली नाही तर तो तास फुकट. फळ्यावरून उतरवलेल्या नोट्स मी नोंदीत धरत नाही.

दहावीच्या त्रिकोणमितीचं उदाहरण घ्या. कोनमापकाला स्ट्रॉ, दोरा आणि दोऱ्याला नट बांधला की क्लायनोमीटर, म्हणजे चढाचा कोन मोजायचं साधन, तयार. माडाच्या शेंड्याकडे बघत मागे सरकायचं, कोन ४५° झाला की थांबायचं. टॅन म्हणजे उंची भागिले अंतर, आणि टॅन ४५° म्हणजे १, म्हणून माडापासूनचं अंतर अधिक जमिनीपासून डोळ्यापर्यंतची उंची, ही झाली माडाची उंची. ४५ वरच का थांबलो, डोळ्याची उंची का मिळवली, जमीन उतरती असती तर काय चुकलं असतं, ही तीन उत्तरं ज्याच्या वहीत आहेत त्याला धडा कळला. बाकीच्यांना नुसतं ऊन लागलं.

तुमचं काय मत?

म्हापशेकर_पालक
मास्तर, पेपरात माड येत नाही, आकृती येते आणि ती पाच मिनिटांत सोडवावी लागते. वर्गात चाळीस पोरं, तास जेमतेम पाऊण तासाचा, मध्ये गणपतीच्या चवथीची सुट्टी, खेळ, स्नेहसंमेलन. पोर्शन पुरा कधी करणार? शाळेत खेळ आणि ट्यूशनला गणित, अशी वाटणी झाली आहे. ज्याला ट्यूशन परवडत नाही, त्याच्या वाट्याला नुसता खेळ. त्याला शिक्षकाच्या नीट नोट्स आणि सोडवून दाखवलेली पन्नास उदाहरणं हवीत.

आणि उपक्रम करतं कोण? आमच्याकडे पायथागोरसच्या मॉडेलसाठी चार्ट पेपर, थर्माकोल, ग्लिटर असं सगळं आणायला सांगितलं. रात्री बसून कापलं माझ्या बायकोने. तिला प्रमेय आता तोंडपाठ आहे.

डिचोलीची_बाई
ग्लिटरला माझाही विरोध. पण तेवढ्यावरून सगळे उपक्रम मोडीत काढू नका. मी सहावीला शिकवते. चौथीपर्यंत मराठीतून शिकलेली कितीतरी मुलं पाचवीत एकदम इंग्रजीतून गणित घेतात. नोट्स पाठ होतात, आत काही उतरत नाही. हाताने केलेलं मात्र त्यांना कळतं.

ऋण संख्यांना मी काजूच्या बिया आणि चिंचोके घेते. बी म्हणजे अधिक एक, चिंचोका म्हणजे उणे एक, एक बी आणि एक चिंचोका मिळून शून्य. आता २ मधून उणे ३ वजा करा. पुढ्यात दोनच बिया, चिंचोका एकही नाही, काढणार काय? मग तीन शून्यं आणायची, म्हणजे तीन बिया आणि तीन चिंचोके. किंमत बदलली नाही. आता तीन चिंचोके उचला, उरल्या पाच बिया. ‘उणे उणे अधिक’ हे मी सांगायच्या आधी पोरं सांगतात. खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं. (बिया भाजलेल्या नकोत, तासाअखेर हिशेब जुळत नाही.)

सेवानिवृत्त_गणितवाला
बाईंचा मुद्दा सहावीपुरता मान्य. पुढच्या वर्गांत उपक्रम फसवतात. त्रिकोणाचे तीन कोपरे फाडून एका रेषेत ठेवायचे आणि ‘१८०° सिद्ध झाले’ म्हणून सांगायचे, हे मी कितीदा पाहिले आहे. कागदाला १७९° आणि १८०° यांतला फरक कळत नाही.

घरी करून पाहा. ८ × ८ चा चौरस घ्या. त्याचे ८ × ३ आणि ८ × ५ असे दोन आयत करा. पहिला कर्णावर कापा, दोन त्रिकोण मिळतील. दुसरा तिरका कापा, ५ आणि ३ या समांतर बाजूंचे दोन सारखे समलंब चौकोन मिळतील. हे चार तुकडे जुळवून ५ × १३ चा आयत होतो. ६४ चे ६५ झाले! डोळ्यांना पटते, म्हणून खरे मानायचे का? आधी सिद्धता, मग सराव. कात्री पेटीत ठेवा.

माडाखालचा_मास्तर (फोंडा)
सर, तुम्ही तर माझ्याच हातात कात्री दिलीत! हेच कोडं मी नववीला देतो. ६५ आले की वर्गात कोणी जागेवर बसत नाही. मग विचारायचं, मधली तिरकी रेघ खरंच सरळ आहे का? त्रिकोणाचा चढ ३/८, म्हणजे ०.३७५. समलंबाचा २/५, म्हणजे ०.४. रेघ मोडलेली आहे, मधे बारीक फट राहते आणि तिचं क्षेत्रफळ बरोबर १. डोळ्यांवर विसंबू नये, सिद्धता लागतेच, हे माझ्या कुठल्याही भाषणापेक्षा या फटीने जास्त पटतं. तुम्ही सिद्धता आधी मागता. पण शंकाच आली नाही तर पोर ती कशासाठी वाचेल? परीक्षेसाठी, आणि परीक्षा संपली की विसरण्यासाठी.

सेवानिवृत्त_गणितवाला
शंका आणणारा शिक्षक असेल तर ठीक. बहुतेक ठिकाणी तुकडे चिकटवून चार्ट भिंतीवर जातो. माझे मत बदललेले नाही.

पणजी_ट्यूशनवाली
खेळातूनच सराव होत असेल तर? देवळालीला शाळामास्तर असलेल्या कापरेकरांचा ६१७४ घ्या. चार अंक, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करत राहा. ३५२४ घेतला तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. फार तर सात पायऱ्यांत पोचतोच. हातच्याची वजाबाकी करायला कंटाळणारी पोरं पान भरून करतात.

म्हापशेकर_पालक
हे आवडलं. कागद-पेन्सिलीत होतं. पण मास्तर, तुमच्या त्या नोंदवह्या तपासणार कोण? चाळीस वह्या?

माडाखालचा_मास्तर (फोंडा)
आठवड्याला आठ, चिठ्ठ्या टाकून. कोणाची निघेल ते माहीत नसतं, म्हणून सगळे लिहितात.

म्हापशेकर_पालक
आठ वह्या चालतील. उपक्रमाचं सामान घरून मागवायचं नाही एवढं शाळेकडून लिहून आणा, पोर्शनचं भांडण त्यानंतर.