झेड-४ चे शॉकअप आणि स्प्रिंग बदलायच्या आहेत (ठाणे-मुंबई) : सल्ला हवा

घाटवेडा_ठाणे

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीत २०१३ ची बीएमडब्ल्यू झेड-४ घेतली. ३५आय मॉडेल, तीन लिटर, दोन टर्बो, ३०६ अश्वशक्ती. मी तिसरा मालक, गाडी ५८ हजार किलोमीटर फिरलेली. इंजिन आणि गिअरबॉक्स ठणठणीत आहेत, सस्पेन्शन मात्र थकलंय.

रोजच्या वापराची गाडी नाही. रविवारी पहाटे ठाण्याहून निघतो, ईस्टर्न फ्रीवेने ऑरेंज गेट, मरीन ड्राइव्ह, कोस्टल रोड, सी लिंक आणि घरी. महिन्यातून एकदा माळशेज नाहीतर ताम्हिणी. फ्रीवेवर पुलाच्या सांध्यांवरून ७०-७५ ने गेलं की नाक वर उठतं, खाली बसतं आणि पुन्हा एकदा उठतं. माळशेजच्या वळणात मध्येच उंचसखल डांबर लागलं की मागची बाजू हलकीशी सरकते. भीतीच वाटते.

एका गॅरेजवाल्याने सांगितलं की ३५ मिलिमीटरने गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंग टाका, शॉक आहेत तेच चालतील, वळणात गाडी रुळावर असल्यासारखी जाईल. दुसरा म्हणतो थेट कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकचा एकत्र संच) घ्या. घाटात गाडीवर विश्वास ठेवता आला पाहिजे, आणि सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधकही पार झाला पाहिजे. काय करू?

तेलकट_हात

आधी एक सांगा, गियरजवळ स्पोर्ट मोडचं बटण आहे ते सोडा, पण शॉकच्या वरच्या टोकाला वायर जाते का? काही झेड-४ ना इलेक्ट्रॉनिक शॉक आहेत. ते काढून साधे टाकले की डॅशबोर्डवर इशारा पेटतो, तो शांत करायला वेगळे मॉड्यूल लागतात. खर्चाचं सगळं गणित तिथे बदलतं.

आता मुख्य मुद्दा. फक्त स्प्रिंग बदलू नका. स्प्रिंगचं काम वजन पेलणं आणि धक्का साठवणं. साठवलेला धक्का जिरवायचं काम शॉकचं, तो तेल बारीक झडपांतून ढकलतो आणि हालचालीची उष्णता करतो. तुम्ही लिहिलंय की नाक दुसऱ्यांदा उठतं. स्प्रिंग आपलं काम करतेय, शॉक करत नाहीये, हाच त्याचा अर्थ. अशा शॉकवर आणखी कडक स्प्रिंग बसवली तर ती जास्त जोराने उसळणार आणि तिला धरायला कोणी नाही. स्प्रिंग ४० टक्के कडक केली तर तेवढाच ताबा राखायला डॅम्पिंग (शॉकचा विरोध) साधारण १८ टक्के वाढवावं लागतं (वर्गमुळाचा हिशोब आहे). तुमचे दहा-बारा वर्षांचे शॉक मूळ स्प्रिंगलाच पुरे पडत नाहीत.

दुसरं, ३५ मिलिमीटर खाली आणलं म्हणजे चाकाला वर जायला तेवढी जागा कमी. मग खड्ड्यात शॉक बंपस्टॉपवर (हालचाल संपते तिथल्या रबरी ठोकळ्यावर) आपटतो. वळणात बंपस्टॉप लागला की त्या कोपऱ्याचा कडकपणा एका क्षणात कित्येक पट होतो आणि टायर पकड सोडतो. माळशेजला तुम्हाला जे आत्ता हलकंसं जाणवतंय, ते तेव्हा जोरात जाणवेल.

तिसरं फारसं कोणी सांगत नाही. पुढे स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला खांब) असलेली गाडी खाली आणली की लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, कल बदलतो. गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. म्हणजे गाडीला झुकवणाऱ्या जोराला तरफेसारखा लांब हात मिळतो आणि कडक स्प्रिंगचा अर्धा फायदा तिथेच जातो. रेसिंगवाले यासाठी वेगळे बॉलजॉइंट वापरतात. मुंबईत तो उद्योग नको.

निळी_पोलो

तेलकट_हात यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. मी २०१९ मध्ये पोलोला फक्त स्प्रिंग टाकल्या होत्या, शॉक कंपनीचेच ठेवले. दिसायला सुंदर. पहिल्या पावसाळ्यातच मागचा उजवा शॉक गळायला लागला, पुढचं माउंटिंग कट्कट् वाजायला लागलं. जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर) पेव्हर ब्लॉक आले की दात आवळून बसायचे. वर्षाच्या आत सगळं काढून मूळ उंचीवर आले, पैसे दोनदा गेले. दादा, तुम्ही पहिल्याच वेळी नीट करा.

आणि गतिरोधकाबद्दल : नियमाप्रमाणे तो १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा, म्हणजे उतार सौम्य असतो. आपल्या सोसायट्यांत तेवढीच उंची हातभर रुंदीत बांधलेली असते. झेड-४ चं नाक केवढं लांब आहे! टेप घेऊन गेटवर मोजा आणि मगच उंचीचा विचार करा.

पहाटेचा_फ्रीवे

टायर कोणते आहेत आणि किती जुने? यावर कुणीच विचारलं नाही म्हणून लिहितो. या गाडीला कंपनीकडून रनफ्लॅट येतात. त्यांच्या बाजूच्या भिंती इतक्या ताठ असतात की हवा गेली तरी गाडी चालते, पण त्याच ताठपणामुळे प्रत्येक सांधा थेट कमरेत येतो. माझ्या जुन्या थ्री सीरिजचे रनफ्लॅट काढून त्याच मापाचे चांगले साधे टायर टाकले तेव्हा वाटलं कुणीतरी रात्रीत शॉकच बदलून गेलं. स्टेपनी नाही, त्यामुळे पंक्चर किट आणि छोटा कंप्रेसर डिकीत ठेवावा लागतो.

टायरच्या कडेवर चार आकडे असतात. शेवटचे दोन वर्ष, पहिले दोन आठवडा. कमी फिरलेल्या गाड्यांचे टायर नक्षी शिल्लक असतानाच म्हातारे होतात, रबर कडक होतं. शिवाय नक्षीवरून हात फिरवा. उंचवटे-खळगे लागले तर शॉक गेल्याची ती खूण आहे. बोनेट दाबून गाडी किती वेळा डोलते हे बघण्यापेक्षा ही खूण भरवशाची.

घाटवेडा_ठाणे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल गाडी लिफ्टवर घेतली. वायर नाही, म्हणजे साधे शॉक. पुढचा डावा तेलाने ओला, मागच्या दोन्ही टायरांवर पहाटेचा_फ्रीवे म्हणतात तसे खळगे. टायर रनफ्लॅट, आकडे ३११६, म्हणजे २०१६ चा ३१ वा आठवडा! लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) चिरलेत. आता शॉक कोणते घ्यावेत? कॉइलओव्हरचा मोह अजून सुटत नाहीये.

तेलकट_हात

मग क्रम लिहून घ्या : टायर, बुश, शॉक. स्प्रिंग सर्वांत शेवटी, तीही मोडली किंवा बसली असेल तरच.

शॉक मोनोट्यूब (एकाच नळीचे) घ्या. साध्या ट्विनट्यूबमध्ये (दोन नळ्यांच्या शॉकमध्ये) तेल आणि वायू एकाच कप्प्यात असतात, घाटात सतत काम पडलं की तेलाला फेस येतो आणि दहाव्या वळणाला शॉक मऊ लागतो. मोनोट्यूबमध्ये मधल्या तरंगत्या पिस्टनने दोघांना वेगळं ठेवलेलं असतं. बिल्स्टाइन कंपनीच्या शॉकमध्ये बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी आणि बी८ खाली आणलेल्या गाडीसाठी, दांडा आखूड असतो. दुकानदार हातात असेल ते खपवतो, म्हणून चॅसिस नंबर देऊनच पार्ट नंबर पक्का करा. ऑपेरा हाऊसला मागवून देणारे आहेत, पण मालाच्या खोक्यावरचा नंबर आणि शॉकवर कोरलेला नंबर दोन्ही जुळवून बघा.

कॉइलओव्हर वाईट नाहीत. केडब्ल्यू कंपनीच्या व्ही१ मध्ये फक्त उंची बदलते, व्ही२ मध्ये रिबाउंडही (शॉक उघडतानाचा विरोध), व्ही३ मध्ये कम्प्रेशनसुद्धा (दबतानाचा विरोध). ट्रॅकवर जाणाऱ्याला व्ही३ सोनं आहे. पण रिंग फिरवून उंची बदलायची ती आटे असलेली नळी चार महिने मुंबईच्या चिखलपाण्यात राहणार. दर पावसाळ्यानंतर धुऊन, ग्रीस लावून, रिंग फिरवून ठेवणार असाल तरच घ्या. नाहीतर रिंग गंजून जाम होते आणि पैसे ज्या सोयीसाठी दिले तीच जाते.

बसवताना तीन गोष्टींवर स्वतः उभं राहा. वरचं माउंटिंग, बंपस्टॉप आणि धूळ अडवणारं रबर नवीन हवं, जुनं नाही. शॉक जोडीनेच बदलायचे, ओला एकटा नाही. आणि आर्मचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकत असताना कसायचे नाहीत. चाकं जमिनीवर असताना ज्या उंचीला आर्म असतो त्या उंचीला आणून कसायचे. लटकत्या अवस्थेत कसले तर गाडी खाली येताच बुश पिळलेला राहतो आणि वर्षभरात पुन्हा चिरतो. तुमचे चिरलेले बुश मला असेच वाटतात. शेवटी चारही चाकांचं अलाइनमेंट, मागच्या टो (चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत त्याचं माप) सकट.

कलम_५२

कायद्याच्या बाजूने थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. मूळ उंचीचे, त्याच जागी बसणारे शॉक म्हणजे बदललेला सुटा भाग, तिथे अडचण येऊ नये. तरी बिलं जपून ठेवा आणि विमा कंपनीला मेल करून कळवा. दाव्याच्या वेळी कागद बोलतो.

घाटवेडा_ठाणे

जानेवारीतला वृत्तांत. उशीर झाला, शॉक यायलाच पाच आठवडे लागले.

आधी टायर बदलले, मूळ मापाचेच, पुढे २२५/४० आणि मागे २५५/३५, अठरा इंची, साधे. त्यावर तीन रविवार मुद्दाम तसाच फिरलो. ठणके गेले, पण सांध्यांवरचं डोलणं तसंच राहिलं, उलट जास्त स्पष्ट कळायला लागलं. टायरचा दोष कोणता आणि शॉकचा कोणता हे मला तेव्हा पहिल्यांदा वेगळं करता आलं. मग बुश, माउंटिंग आणि मूळ उंचीचे चार मोनोट्यूब शॉक एकदमच. स्प्रिंग तपासल्या, चांगल्या होत्या, त्याच ठेवल्या. बोल्ट कसताना मी शेजारी उभा होतो. मिस्त्रींनी आधी नकोच म्हटलं होतं, कारण समजावल्यावर जॅक लावून आर्म वर उचलला आणि नीट केलं.

फ्रीवेवर आता नाक एकदा उठतं आणि जागच्या जागी बसतं. हळू वेगाला, घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत, गाडी आधीपेक्षा थोडी ताठ लागते हेही खरं, बायकोला पहिल्या फेरीतच जाणवलं. पण परवा माळशेजला त्याच उंचसखल वळणात स्टिअरिंग होतं तिथेच धरून ठेवलं आणि मागची बाजू मागे मागे आली, बस. उतरून दोन मिनिटं गाडीकडे बघत उभा राहिलो.

निळी_पोलो

वाचून फार आनंद झाला! आणि गेटवरचा गतिरोधक?

घाटवेडा_ठाणे

तिरपं घेऊन निघते, कुठेही घासत नाही. चारही चाकांच्या मध्यापासून फेंडरपर्यंतची उंची मोजून वहीत लिहून ठेवली आहे. पावसाळा संपला की पुन्हा मोजून इथे टाकतो.