ऑपरेशननंतरचं रिव्हर्सल इंजेक्शन: नेहमीचं घ्यावं की महागडं?

निपाणीचा_पोरगा:
नमस्कार मंडळी. आप्पांचं पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन पुढच्या बुधवारी बेळगावात ठरलंय. वय ६८, वजन ६० किलो, अख्खी हयात तंबाखूच्या वखारीत गेली आणि वर विडी. भूलतज्ज्ञ म्हणाले स्नायू सैल करायचं औषध देणार, शेवटी त्याचा असर उतरवायला एकतर नेहमीचं निओस्टिग्मिन नाहीतर सुगामॅडेक्स, दुसरं महाग आहे, घरी बोलून सांगा. पैशाचं कसंही करू, पण महाग म्हणजे चांगलंच का? आमच्या आत्याला मागं एका ऑपरेशननंतर शुद्ध आली पण हात उचलेना, श्वास पुरेना, ती अजून सांगते "सगळं ऐकू यायलं होतं रे, बोलताच येईना". ते आठवून आप्पा जेवायचं पण टाळूलालेत.

भूलवाला_बेळगाव:
आत्याला झालं ते म्हणजे सैल करणाऱ्या औषधाचा असर पुरता उतरला नव्हता, असंच वाटतंय. भीती खरी आहे, पण ती टाळता येते.
नसेतून ॲसिटिलकोलिन सुटतं तेव्हा स्नायू आवळतो. रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम ही औषधं त्याची जागा अडवून बसतात. निओस्टिग्मिन त्यांना हटवत नाही, ॲसिटिलकोलिन मोडणारं एन्झाइम थांबवतं, मग ॲसिटिलकोलिन साठतं आणि रेटारेटी करून जागा परत घेतं. म्हणून त्याला मर्यादा आहे, असर अजून खोल असेल तर डोस वाढवूनही उपयोग नाही, आणि पूर्ण जोर यायला १० मिनिटं तरी धरा. शिवाय हृदयाचे ठोके मंदावतात, लाळ आणि छातीतला कफ वाढतो, त्यासाठी सोबत ग्लायकोपायरोलेट द्यावंच लागतं.
सुगामॅडेक्स वेगळं, ते रोक्युरोनियमचा रेणूच आपल्या पोकळीत कोंडून घेतं आणि लघवीवाटे बाहेर नेतं. २-३ मिनिटांत माणूस मोकळा. युरोपात २००८ पासून आहे, अमेरिकेत २०१५ ला परवानगी मिळाली. पण ॲट्राक्युरियम दिलं असेल तर याचा काडीचा उपयोग नाही, व्हायल (औषधाची छोटी बाटली) वाया! म्हणून आधी विचारा, सैल करायला कुठलं औषध देणार. आणि क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) किती आहे? किडनी फारच कमजोर असेल तर सुगामॅडेक्स देऊ नये असं कंपनीच सांगते, तिथं ॲट्राक्युरियम बरं, ते रक्तात आपोआप मोडतं.

चिकोडी_सिस्टर:
मी ओटीत (ऑपरेशन थिएटरात) आहे, एक सांगते दादा. औषधापेक्षा आधी, असर किती उरलाय ते मोजायचं मशीन आहे का विचारा. मनगटाला दोन चिकट पट्ट्या लावून ४ झटके देतात, अंगठा चार वेळा हलतो, पण असर बाकी असेल तर पहिला झटका जोरात आणि चौथा अगदी मरगळलेला. चौथा पहिल्याच्या ९० टक्के तरी आला पाहिजे, तेव्हाच घशातली श्वासाची नळी काढायची. आम्ही पूर्वी नुसतं "आजोबा डोकं उचला, ५ सेकंद धरा" म्हणायचो, आणि डोकं उचललेला पेशंट पण रिकव्हरीत ऑक्सिजन खाली घेऊन धापा टाकताना मी बघितलाय. डोळ्यानं बघून फसायला होतं, आकडा दाखवणारं मशीन पाहिजे. आणि चारही झटके चांगले परत आले असतील तर निओस्टिग्मिनवर पण छान उतरतं हां, उगीच मनाला लावून घेऊ नका.

भूलवाला_बेळगाव:
सिस्टर बरोबर बोलल्या. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३ ला हेच लिहिलंय, असर अगदी थोडा उरला असेल तर निओस्टिग्मिन चालेल, त्याहून खोल असेल तर सुगामॅडेक्स. दुर्बिणीच्या ऑपरेशनला शेवटपर्यंत पोट सैल लागतं आणि मग टाके पटकन संपतात, त्यात आप्पांची विडीची छाती, माझे वडील असते तर मी रोक्युरोनियम आणि सुगामॅडेक्सच निवडलं असतं. दोन झटके परत आल्यावर सुगामॅडेक्स किलोला २ मिलीग्रॅम, म्हणजे १२०, २०० ची एक व्हायल पुरते. एकही झटका नसेल तर किलोला ४, मग २४० होतात, दुसरी व्हायल हाताशी ठेवायला सांगा. क्वचित जोराची ॲलर्जी येते, ठोके मंदावतात, त्याची तयारी ओटीत असतेच.

खानापूरची_ताई:
आप्पांना लागू नाही, पण वाचणाऱ्या बायकांसाठी लिहिते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर सुगामॅडेक्सनंतर ७ दिवस दुसरी काळजी पण घ्यायची, ते गोळीतल्या हार्मोनला पण धरतं. मला हे डिस्चार्जच्या वेळी कुणीच सांगितलं नाही.

निपाणीचा_पोरगा:
सगळ्यांचे लई आभार. आत्ताच फोन केला, रोक्युरोनियमच देणार आहेत, अंगठ्याचं मशीन आहे आणि आकडा पण दाखवतं, क्रिएटिनिन १.१ आहे. दोन व्हायल सांगून ठेवल्यात, लागली नाही तर दुसरी परत घेतो म्हणाले. आप्पांना मशीनचं समजावून सांगितलं तर म्हणाले, "चौथा झटका बघूनच नळी काढा म्हणावं", आणि दोन भाकऱ्या खाल्ल्या.